एक लाल, एक पांढरी

अक्षता: सीट. लालमध्ये दोन, पांढरीत सात. लिहिलं. पुढे?

आप्पा: पुढे काय गो? इथेच निकाल लागला. घरात माणसं चार आणि सीट दोन. उरलेल्या दोघांनी काय बॉनेटवर बसून यायचं?

अक्षता: सगळं लिहूया आप्पा. सोसायटीच्या नंदाताई बारा वाजता इथे खाली पार्किंगचा फॉर्म न्यायला येणार. एका फ्लॅटला एकच गाडी, दुसरी महिनाअखेर सोसायटीच्या बाहेर. आज घाईत काहीतरी लिहायचं आणि मग घरात रडारड, ते मला नकोय.

आप्पा: रडतंय कोण आपल्याकडे?

अक्षता: कोणीच नाही. मॉडेल सांगा.

आप्पा: लाल चौसष्टची. विलायती. ती बोटीतून धक्क्यावर उतरली तेव्हा मी कणकवलीला दुसरीत नाक पुसत होतो. पांढरीचं तुला माहीत.

अक्षता: एकवीस. मालक?

आप्पा: मालक म्हणजे?

अक्षता: फॉर्ममध्ये आहे. वाहनमालकाचं नाव. दोन्ही निलेशच्या नावावर आहेत. नंदाताई म्हणाल्या, आधी 'कै.' लिहा नि मग नाव लिहा.

आप्पा: आठ महिने झाले. तू आरटीओत गेली नाहीस?

अक्षता: नाही गेले. तिथे अजून तोच मालक आहे. असू दे म्हटलं. मायलेज?

आप्पा: लाल पाच देते. मर्जी असली तर सहा. उतारावर सात पण देईल, पण कांदिवलीत उतार आणू कुठून?

अक्षता: पांढरी चौदा. एअरबॅग?

आप्पा: लालमध्ये एअरबॅग म्हणजे बसणाऱ्याचं पोट.

अक्षता: शून्य. पांढरीत सहा. एसी?

आप्पा: हसलीस तर पैसे पडतात काय गो?

अक्षता: हसले ना.

आप्पा: कधी?

अक्षता: आतल्या आत. एसी लालमध्ये नाही, टप काढलं की वारा, लिहू? वारा असा रकाना नाहीये. चालू कशी करायची?

आप्पा: तुला माहीत नाही?

अक्षता: मी कधी चालू केलीय? तुम्ही आणि तो हात लावू देत होतात का कोणाला?

आप्पा: चोक ओढायचा. दोनदा पाय मारायचा, तिसऱ्यांदा मारलास तर पेट्रोल चढून रुसते. मग किल्ली. मग एक शिवी. मालवणीतच, मराठी शिवीला ती दाद देत नाही. तरी नाही झाली तर खाली उतरून बॉनेट उघडायचं.

अक्षता: पांढरीला बटण. किल्ली पर्समध्ये असली तरी चालते. झालं. दहापैकी नऊ पांढरीला.

आप्पा: आणि लालला एक कुठला दिलास?

अक्षता: दिसायला.

आप्पा: तो तर मीही देईन. मानखुर्दच्या भंगारातून आणली तेव्हा नुसता पत्र्याचा सांगाडा होता. आत कोंबडी अंडी घालून बसलेली. आमचो झिल, निलेश, तेव्हा कॉलेजात. अकरा वर्षं मरोळच्या गाळ्यात दोघं रविवार-रविवार घासत होतो... असो. पांढरी ठेव. तुला तुझ्या श्रुतिकाला क्लासला सोडायचं असतं, सासूचे, सुलक्षणेचे डोळे दाखवायचे असतात. लालसाठी तो घाटकोपरचा सहदेव तीन वर्षं मागे लागलाय. आता फोन लावतो, संध्याकाळी घेऊन जाईल. फॉर्म आण इकडे.

अक्षता: लाल ठेवायचीय.

आप्पा: काय?

अक्षता: लाल ठेवू. पांढरी विकू.

आप्पा: मग ही नऊ-एकची वारेमाप लिखापढी कशाला केलीस? 

अक्षता: विम्याच्या ऑफिसातली सवय आहे. क्लेम नाकारायचा असला तरी सगळे रकाने भरावे लागतात.

आप्पा: अक्षता, इकडे बघ. लाल तू चालवणार? त्या क्लचला मांडीत बैलाचं बळ लागतं.

अक्षता: नाही चालवणार. उभी राहील.

आप्पा: उभी गाडी मरते. आठ दिवसांत बॅटरी झोपते, महिन्यात टायर चपटे. मी अडुसष्टचा झालो, मी किती दिवस पुसत बसू? आणि आपण जायचं कशाने? सुलक्षणेला त्या दोन सीटच्या खेळण्यात कोंबायची? बसताना वाकेल, उठताना क्रेन आणावी लागेल.

अक्षता: रिक्षा आहेत.

आप्पा: गणपतीला कणकवलीला रिक्षाने जाणार?

अक्षता: यंदा गेलो होतो का?

आप्पा: यंदाची गोष्ट वेगळी. वर्षाच्या आत सण नसतो. पुढल्या वर्षी देव घरी येईलच ना? ऐक माझं. लालवर माझा जीव आहे, तुझा नाही. मी म्हणतोय विक, तर तू ठेवतेस. हे काय चाललंय?

अक्षता: पांढरीत आता काही राहिलं नाही.

आप्पा: इंजिन घड्याळासारखं आहे तिचं. काय राहिलं नाही?

अक्षता: ड्रायव्हरच्या दाराला आतून दोन बटणं आहेत. एक आणि दोन. दिसली?

आप्पा: दिसली. त्यांचं काय?

अक्षता: एक त्याचं, दोन माझं. ज्याचं बटण दाबाल त्याच्या मापाची सीट होते. पुढे-मागे, वर-खाली, बाहेरचे आरसेसुद्धा. शोरूमवाल्याने पहिल्याच दिवशी भरून दिलेलं. तो गेल्यावर मी रोज दोन दाबून गाडी चालवायचे. आणि संध्याकाळी इथे लावली की उतरताना एक दाबायचे.

आप्पा: का?

अक्षता: सीट मागे जायची. सावकाश, घूं आवाज करत. मग जराशी खाली व्हायची. मग आरसे वळायचे. कोणीतरी येऊन, सावरून बसतं ना, तसं. तेवढं बघायचे, लॉक करायचे आणि वर येऊन कुकर लावायचे. रात्रभर गाडी त्याच्या मापात उभी असायची. बस, एवढंच. रडायला-बिडायला कधी आलं नाही. आठ महिन्यांत मला काही होतच नाही आप्पा. दात काढताना सुई देतात ना, तसं सगळं जड. फक्त ते बटण दाबलं की वाटायचं, आहे. काहीतरी आहे.

आप्पा: मग?

अक्षता: शुक्रवारी सकाळी दोन दाबलं. हललीच नाही. मला उशीर होत होता, म्हणून खालच्या खटक्याने सीट पुढे ओढली आणि गेले. संध्याकाळी येऊन एक दाबलं. काही नाही. परत दाबलं. पुसलं गेलंय सगळं. अर्धा तास खटका दाबत बसले होते, अंदाजाने. कधी जास्त मागे जाते, कधी कमी. मला जमत नाही. म्हणून म्हटलं, आता ही विकायला हरकत नाही. आता ती नुसतीच गाडी आहे.

आप्पा: शुक्रवारी.

अक्षता: हो.

आप्पा: म्हणजे गुरुवारपर्यंत होतं.

अक्षता: बुधवारी संध्याकाळी होतं. गुरुवारी दसरा, सुट्टी होती. गाडी काढलीच नाही.

आप्पा: अक्षता, ते मी केलं.

अक्षता: काय केलंत?

आप्पा: यंदा आपल्याला दसरा नाही, मला ठाऊक आहे. तोरण नाही बांधलं, सुलक्षणेने कोणाकडून सोनं घेतलं नाही. पण चाळीस वर्षं मी फिटर होतो गो. दसऱ्याला इंजिन धुतल्याशिवाय मी जेवलेलो नाही. तुम्ही दुपारी झोपलात, मी बादली घेऊन खाली आलो. दोन्ही धुतल्या. फूल नाही घातलं, हळद-कुंकू नाही, नुसत्या धुतल्या. आणि इंजिनला पाणी लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची असते. दहा नंबरचा पाना. ते मी ठरवून करत नाही, माझा हात जातो. जेवून उठल्यावर चूळ भरतो तसा.

अक्षता: किती वेळ काढून ठेवलीत?

आप्पा: सुकेपर्यंत. दीड तास.

अक्षता: तुम्ही.

आप्पा: मी. लालची महिनोन् महिने काढून ठेवली तरी तिला काय फरक पडतो? तिच्यात विसरण्यासारखं काही नाहीच. या नव्या गाड्या बॅटरीवर सगळं लक्षात ठेवतात हे मला कोण सांगणार? सांगणारा होता तो... शिव्या घाल मला.

अक्षता: येत नाहीयेत.

आप्पा: घाल गो. मालवणीत घाल. मी शिकवतो.

अक्षता: मला वाटलं आपोआप गेलं. आठ महिने राहिलं, मग गेलं. तुमच्या हातून गेलं होय. आणि शुक्रवारी सकाळी सीट त्याच्याच जागेवर होती. तुमचं दीड तासाचं काम झाल्यावरसुद्धा होती. मीच ओढली पुढे. ऑफिसला वीस मिनिटं उशीर झाला असता, एवढंच. अर्धं तुमचं, अर्धं माझं.

नंदाताई: काय हो कांबळी, अजून परीक्षा संपली नाही? बारा वाजत आले. बी विंगचे सगळे झाले, तुमचाच पेपर बाकी.

अक्षता: पाच मिनिटं, नंदाताई.

नंदाताई: घे बाई, घे. मी काय म्हणते, विचार कसला करायचा त्यात? ते लाल खेळणं काढा ना यार. दिसतं झकास, पण मेलं चालू केलं की माझ्या घरात धूर. तुमच्या निलेशला मी बोलले पण होते. तो काय म्हणाला माहितीये? काकी, तुम्हाला एक चक्कर मारतो. आणि मारली हो! बोरिवलीपर्यंत नेलंन. केसांची पार वाट लागली माझ्या... बरं. मी वर सी विंगला जाऊन येते. आले की द्या.

आप्पा: टेप कुठेय माझी?

अक्षता: कसली टेप?

आप्पा: मापाची. लालच्या डिकीत पिशवी आहे, त्यात. आण. पोरी, मी फिटर आहे, मला माप लागतं. अंदाजाने तू कशाला बसतेस? लालची सीट सरकत नाही. सरकवायची पट्टी गंजून गेलेली, म्हणून मी खाली चार भोकं पाडून बोल्टने कायमची बसवली. त्याला आत बसवला, पाय ठेवायला लावला, आणि खडूने खूण करून भोकं पाडली. त्या सीटवर त्याच्याशिवाय कोणाचे पाय पुरत नाहीत, माझे सोडून. त्याचं माप त्या बोल्टात आहे. ते हिच्यात टाकू.

अक्षता: असं होतं?

आप्पा: का नाही होणार? माणूस एकच ना? धर हे टोक. ब्रेकवर धर. घट्ट. मी पाठीला लावतो... एकेचाळीस. पाव इंच कमी. बघ, तूच वाच.

अक्षता: पावणेएकेचाळीस.

आप्पा: चल पांढरीकडे. धर ब्रेकला. आता खटका दाब, मागे ने. अजून. अजून. जाऊ दे. थांब! पावणेएकेचाळीस. पत्रा खोटं बोलत नाही. आता बस आत.

अक्षता: बसले.

आप्पा: हीच ना?

अक्षता: नाही.

आप्पा: नाही कशी? टेपने मोजलं.

अक्षता: एवढी मागे नव्हती. ती जायची, पण एवढी नाही. ही फार मागे आहे आप्पा.

आप्पा: लालमध्ये तो असाच पाय लांब करून बसायचा. राजासारखा.

अक्षता: लालमध्ये बसत असेल. हिच्यात नाही. हिच्यात त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे.

आप्पा: काहीतरीच. सहा फुटाचा माणूस, एवढी ऐसपैस गाडी, गुडघे कशाला लावील?

अक्षता: त्याच्या मागे कोण बसायचं?

आप्पा: मागे? मागे तुझ्या बाजूला आजी नि श्रुतिका... आणि या बाजूला मी.

अक्षता: तुमचा गुडघा दुमडत नाही ना.

आप्पा: तो म्हणायचा, आप्पा, लागतायत का पाय? दर वेळी निघताना विचारायचा. मी म्हणायचो, घे जरा पुढे. मला वाटायचं, त्याच्याकडे जागा आहे म्हणून घेतो.

अक्षता: नव्हती जागा. कणकवलीपर्यंत अकरा तास तसाच जायचा. एकदा पनवेलला उतरून पाय झटकत उभा होता. मी म्हटलं, अरे सीट मागे घे ना. तर म्हणाला, आप्पांचा गुडघा. आणि त्यांना सांगू नकोस, नाहीतर म्हातारा मागच्या रांगेत जाऊन बसेल.

आप्पा: मी सगळ्या वाडीत सांगत फिरायचो. लाल बनवली मी, पण सुख म्हणाल तर पांढरीत. मागे पाय पसरून झोपत येतो, गाव कधी आलं कळत नाही. त्याच्या तोंडावर म्हणालो, तुझ्या या डब्याला चेहरा नाही, पण जागा आहे हो भरपूर.

अक्षता: काय म्हणाला?

आप्पा: हसला. 'आहे ना' म्हणाला.

अक्षता: आप्पा, खाली बसू नका, फरशी ओली आहे.

आप्पा: मला काहीतरी होतंय गो. आठ महिने काही झालं नाही. स्मशानात नाही, दहाव्याला नाही. आता होतंय.

अक्षता: पाणी आणू?

आप्पा: पाणी नको. थांब. उठव मला. मागचं दार उघड.

अक्षता: कशाला?

आप्पा: माप चुकीच्या जागेवरून घेतलं आपण. त्याचं माप लालमध्ये नाही, माझ्या गुडघ्यात आहे. मी माझ्या जागेवर बसतो. तू पुढे बसून त्याच्यासारखं विचार. मी त्याला जिथे 'बस' म्हणायचो तिथे म्हणतो.

(आप्पा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात, उजवा पाय लांब करतात.)

अक्षता: बसलात नीट?

आप्पा: बसलो. विचार.

अक्षता: आप्पा, लागतायत का पाय?

आप्पा: घे जरा पुढे.

अक्षता: आता?

आप्पा: अजून थोडी. थोडी... बस.

अक्षता: खाली करते. एवढी. थांबा, काही बोलू नका. हो. हीच. अशीच जाऊन थांबायची. आप्पा, हीच आहे.

आप्पा: नक्की?

अक्षता: नक्की. बघा ना, पुढे राहिलंय किती ते. त्याचे पाय इथे कसे मावत होते?

आप्पा: मावत नव्हते.

नंदाताई: अरे वा, दोघं निघालात कुठे? फॉर्म देऊन जा बाबा.

अक्षता: कुठे नाही जात. हा घ्या, नंदाताई. एक मिनिट, नंबर घालते.

नंदाताई: कुठली ठेवलीत?

अक्षता: पांढरी.

नंदाताई: सांगत होते मी! आणि लाल?

आप्पा: घाटकोपरला जाईल. सहदेव माणूस बरा आहे, शिव्या त्याला येतात.

नंदाताई: जीवावर येत असेल हो कांबळी.

आप्पा: येतंय.

नंदाताई: बरं, चलते मी. ऊन लागतंय, दार तरी लावून घ्या.

अक्षता: आप्पा, हलू नका. आता एक दाबून धरून ठेवते. आवाज आला की भरलं गेलं.

आप्पा: थांब. दाबू नको. अजून मागे घे.

अक्षता: त्याची एवढीच होती.

आप्पा: माहीत आहे मला. घे मागे.

अक्षता: तुमच्या गुडघ्याला लागेल.

आप्पा: लागू दे.